परत न करायची हंडी

भिंतींना घाम सुटलेला कधी पाहिलाय तुम्ही? आमच्या दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंगमध्ये वसंतात दरवर्षी सुटतो. फरशी ओली, अंथरूण ओलं. आणि माणसंही आतून ओलावतात. तेव्हा माझी आठवण होते. मी काढ्याची मातीची हंडी बोलतेय.

युत-हिंग आजीने मला नवी घेतली. तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज चुलीवर होते. पुढे गल्लीपलीकडच्या सिउ-बिंगने बाळंतपणानंतर मला मागून नेलं. आमच्याकडे काढ्याची हंडी कुणी परत करत नाही. परत करणं म्हणजे दुखणं दारात नेऊन ठेवणं. ज्याला गरज पडेल त्याने येऊन न्यावी. सिउ-बिंग बरी झाली. मी तिच्या खिडकीत तीन वर्षं धूळ खात राहिले.

यंदा आजीचे पाय जड झाले. घास उतरेना. वैद्य म्हणाले, "पाणथरी, म्हणजे प्लीहा, थकलीय. अन्नातलं पाणी तिच्याने हलत नाही, तेच अंगात साचतंय." त्यांनी पाच पुड्या दिल्या आणि बजावलं, लोखंडी भांड्यात उकळू नका, मातीचीच हंडी हवी.

गल्ली इतकी अरुंद की खिडकीतून खिडकीत बोलणं व्हायचं.

"जिभेवर तांदळाचं पीठ सांडल्यासारखं झालंय गं!"

"मग वड्या उकडा की, आजी! हंडी आणून देऊ?"

"खुळी की काय! आजार आणून देतेस? मीच येईन."

"मग काढा इथेच करून आणते."

"माझं दुखणं तुझ्या चुलीवर? घरात लेकरू आहे तुझं. उद्या उतरते मी. पाय जरा हलके होऊ देत."

तो उद्या नऊ दिवस आला नाही. सिउ-बिंग रोज पेज नेऊन द्यायची, पण मला हात लावायला भ्यायची. आजी तीन जिने उतरू शकत नव्हती. मी खिडकीतून तिची खाट बघत होते. कुंभाराने मला मूठ दिली, तीही दुसऱ्याच्या हातासाठी. माणसं एकमेकांना जपतात, आणि त्या जपण्यातच एखादं माणूस हातचं जातं. माझ्यासारखी हंडी घरात असेल तर ती नेऊन द्या हो. मातीला दुखणं चिकटत नाही.

नवव्या संध्याकाळी आजीने खिडकी लावली नाही. हाक मारली तर ओ दिली नाही. सिउ-बिंगला वाटलं, डोळा लागला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिउ-बिंग मला दोन्ही हातांनी धरून तीन जिने चढली. आजी खाटेवर थंड पडली होती, आणि उशाशी पाचही पुड्या बांधलेल्याच होत्या.