कोंबडीच्या ताब्यातली पाटी

मी एक जुनी बांबूची पाटी आहे. मित्रांनो, हसू नका, पण मागच्या गणपतीपर्यंत माझ्यात एक खुडुक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती.

बुरुडाने मला विणलं तेव्हा माझा तोरा काही वेगळाच होता. गोराईच्या फिलोमिनाबाईंनी मला डोक्यावर घेतलं आणि मी बोटीने खाडी ओलांडून बोरीवलीला जाऊ लागले. त्यांनी परसात कुदळीने खणून पिकवलेला लाल माठ, अळू, भेंडी मी मिरवत न्यायची. सोसायटीतल्या मालनबाई तर माझ्यातली भाजी उलथीपालथी केल्याशिवाय स्वयंपाकाला लागत नसत.

मग मालनबाईंची सून श्वेता ऑर्गॅनिक भाजीची पाकिटं मागवू लागली. तिचंही काही चुकलं नव्हतं. घरात लहान लेक, फवारलेल्या भाजीची तिला धास्ती. हळूहळू सगळ्या इमारतीने तिचा कित्ता गिरवला आणि फिलोमिनाबाईंनी फेऱ्या बंद केल्या. माझ्यात पेंढा आला, पेंढ्यावर कोंबडी. फार वाईट वाटलं हो.

ऋषिपंचमीच्या सकाळी फिलोमिनाबाईंना श्वेताचा फोन आला. त्या दिवशी मालनबाईंचा उपास. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून माणसाच्या हातांनी पिकवलेल्या भाज्यांची एकच भाजी करायची आणि तेवढीच खायची. श्वेताने हौसेने सगळं ऑर्गॅनिक आणलं होतं. चिरायला बसली आणि बघते तर पाकिटावर झकास बैलजोडी. खाली अभिमानाने छापलेलं, की आमच्या शेतात ट्रॅक्टर नाही, नांगरट बैलांचीच. झाली पंचाईत. आता सासूबाई दिवसभर उपाशी राहणार.

फिलोमिनाबाई ख्रिस्ती, पण कुठल्या घरात कुठला उपास हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी कोंबडीला अंड्यांसकट घमेल्यात बसवलं, मला घासून धुतलं, भाजी खुडली आणि बोट गाठली.

दारात श्वेताने आधी विचारलंच, "मावशी, औषध मारलंय का?"

"भेंडीवर मारलेलं, म्हणून ती आणली नाय. माठ-अळूवर नाय मारत. खोटं कशाला सांगू? ये एकदा परसात, तूच बघ."

श्वेताने माझ्यातली माठाची जुडी उचलली. मग म्हणाली, "पाकिटाला असं विचारता येत नाही ना."

मालनबाईंनी फिलोमिनाबाईंना जेवल्याशिवाय सोडलं नाही. दोघींनी एकाच पातेल्यातली भाजी वाढून घेतली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढे श्वेता लेकीला घेऊन खरंच गोराईला आली. औषधाशिवाय भेंडी कशी जगवायची, यावर ती आणि फिलोमिनाबाई अजून भांडतात. मी मात्र दर मंगळवारी पुन्हा बोरीवलीला जाते.

मित्रांनो, ऑर्गॅनिक खा नाहीतर जवळचं खा, ते तुमच्या घरी ठरवा. पण ज्याच्या हातचं खाता, त्याच्याशी दोन शब्द बोलत जा. आणि आम्हा पाट्यांना रिकामं झाल्यावर कोरडं ठेवा.

कोंबडी अजून घमेल्यातच बसते आणि माझ्याकडे रागाने बघते. बघू दे.