अठरा काळे चौकोन

माझी मुलगी आणि माझ्या जावेचा मुलगा यांच्यात नऊ दिवसांचं अंतर. तो मोठा. आमच्या घरात मोठेपणा आधीपासून वरच्या मजल्यावर, थोरल्या दीर-जावेकडेच राहतो, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते त्याच्या झोपेचं.

खाली सासूबाईंचा मिक्सर चालू, दारावर कुणीतरी बेल दाबतंय, माझं शिलाई मशीन घरघरतंय, आणि वर हा गडी ढाराढूर. जावेनं त्याला मांडीवरून पाळण्यात ठेवावं, पाळण्यातून उचलून गादीवर टाकावं, पठ्ठ्या डोळा म्हणून उघडायचा नाही. मनातल्या मनात मी त्याला अजगर म्हणायचे. माझ्या मुलीचं ‘टिटवी’ हे नाव मात्र सासूबाईंनी राजरोस ठेवलं होतं.

मी पडदे शिवते. दुसऱ्यांच्या झोपेची सोय करणं हाच माझा धंदा. टिटवीसाठी मी खिडकीला काळ्या अस्तराचा तिहेरी पडदा लावला, भर दुपारी खोलीत हात दिसेना. दाराच्या बिजागऱ्यांना मशीनचं तेल घातलं. भिंतीवरचं घड्याळ बाहेर नेऊन ठेवलं. एवढं करून ती झोपायची पस्तीस मिनिटं. मशीनमधल्या एका बॉबिनचा दोरा संपायच्या आत बाईसाहेब जाग्या आणि सारं घर डोक्यावर.

सल्ले फुकट मिळत होते. सासूबाई म्हणायच्या, “पोट भरत नसेल तिचं.” नवरा म्हणायचा, “आईवर गेलीय, तू तरी कुठे स्वस्थ बसतेस!” आणि जाऊ, आवाज कधी चढवायची नाही अशी ती बाई, म्हणायची, “मी काहीच करत नाही गं. तो आपला झोपतो.” ते ‘काहीच करत नाही’ ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी एवढं सगळं करते, म्हणून तर टोचायचं ते.

तिसऱ्या महिन्याची लस टोचायला गेलो तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनी आम्हा दोघींना एकेक तक्ता दिला. एका दिवसाची एक ओळ, ओळीत चोवीस चौकोन. बाळ ज्या तासाला झोपलं असेल तो चौकोन पेन्सिलीनं काळा करायचा. महिन्याभरानं तक्ता परत आणायचा. सासूबाईंनी दोन्ही तक्ते स्वयंपाकघरात फ्रिजवर शेजारी शेजारी चिकटवले. स्वयंपाकघर एकच, दोघींचं.

आठ दिवसांत चहा पिण्याची चोरी झाली. कप हातात घेऊन वळलं की ते दोन कागद समोर. तिचा काळाभोर, ओळीला सोळा-सोळा चौकोन भरलेले. माझा शब्दकोड्यासारखा, इथे एक काळा, तिथे दोन पांढरे. येणारी-जाणारी बघायची आणि म्हणायची, “अरे वा, वरचा शहाणा आहे हं!” जणू खालची वाया गेली होती.

एका सकाळी मी एक चौकोन जास्तीचा भरला. अर्धा तास तर झोपली होती, पुरा एक धरला, एवढंच. कुणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन भरले. मग जावेचे सोळा झाले की माझे सतरा, तिचे सतरा झाले की माझे अठरा. माझी पोरगी कागदावर तिच्या पोराला एका तासानं मागे टाकायला लागली आणि मला चहा गोड लागायला लागला. ती रडली की मी आधी खिडकी लावायचे, पडदा ओढायचे, मग तिला उचलायचे. आवाज वर जायला नको. हे सांगायची लाज वाटते, पण क्रम हाच होता.

चौथ्या महिन्यात आम्ही दोघी तक्ते घेऊन दवाखान्यात गेलो. सिस्टरनी आधी अजगराला काट्यावर ठेवलं. वजन छान. मग टिटवीला. त्यांनी आकडा पाहिला, मागचा आकडा पाहिला, मग माझा तक्ता पाहिला आणि चष्मा वर सरकवला.

“अठरा तास झोपते?”

“हो.” मी ऐटीत म्हणाले. जाऊ शेजारीच बसली होती ना.

“आणि वजन जेमतेम वाढलंय. दूध प्यायला उठवावं लागतं का? अंग सैल वाटतं? आजच रक्त तपासू. इतकी झोप बरी नाही.”

पुढचं सगळं भराभर झालं. रक्त घेणाऱ्या बाई ट्रे घेऊन आल्या. त्यांनी टिटवीचा पाय पायमोज्यातून काढला, टाच कापसानं पुसली. टिटवी टक्क जागी होती. ती त्या बाईंच्या बिल्ल्याकडे बघून हसली. ती सुई माझ्या पेन्सिलीनं आणली होती. बोलावं तर जावेसमोर नाक कापलं जाणार. न बोलावं तर...

“थांबा!” मी ओरडले. “नाही झोपत ती अठरा तास. बारासुद्धा नाही पुरे. मी खोटं भरलंय.”

सिस्टरनी तक्ता खाली ठेवला. “का?”

मला उत्तर माहीत होतं आणि ते शेजारी बसलं होतं.

“माझ्यामुळे,” जाऊ म्हणाली.

मी दचकले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “सिस्टर, तिला नका बोलू. माझा मुलगा एवढा झोपतो की मला भीती वाटते. दिवसातून दहा वेळा त्याच्या नाकाखाली बोट धरते. तळव्याला टिचक्या मारून उठवते. हिची मुलगी खाली खणखणीत रडते, हुंकार देते, मला वर सगळं ऐकू येतं, आणि जीव जळतो माझा. आपल्यालाच असं मूल का, असं वाटायचं. हिला ते कळलं असणार. म्हणून हिनं आपल्या तक्त्यात तास वाढवले, माझाच एकटा वेगळा दिसू नये म्हणून. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी कुणाला बोलले नाही.”

म्हणजे ती माझ्यावर जळत होती! चार महिने! आणि मला पत्ता नाही.

खरं सांगायची हीच वेळ होती. मी नाही सांगितलं. जावेनं माझा हात हातात घेतला आणि मी तो घेऊ दिला.

“चांगुलपणा घरी करा, कागदावर नको,” सिस्टर फणकारल्या. “आत्ता सुई टोचली असती पोरीला.” मग जरा निवळल्या. एवढ्या वयाच्या बाळांपैकी कुणी बारा तास झोपतं, कुणी सोळा, म्हणाल्या. कुणाला भूक लवकर लागते, कुणाला उजेड खुपतो, कुणी जात्याच चौकस. टिटवी अंधारात नीट पीत नसेल, दिवसा पडदे उघडा, उजेडात पाजा, आठवड्यानं पुन्हा वजनाला या. अजगराचं वजन उत्तम आहे, त्याला सुखानं झोपू द्या, टिचक्या बंद.

घरी आल्यावर सासूबाईंनी सिस्टरनी परत दिलेले दोन्ही तक्ते आमच्या हातातून घेऊन रद्दीत टाकले. जावेनं संध्याकाळी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. “सख्खी बहीण करणार नाही एवढं हिनं केलं.” नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू दुसरीच बायको घरात आली. मी आपली मुकाट्यानं ताटं पुसत होते. आता तिच्या चांगुलपणाचाही हेवा वाटायला लागला होता, तो कुठल्या चौकोनात भरायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारी टिटवी नेहमीप्रमाणे पस्तिसाव्या मिनिटाला उठली आणि तिनं टाहो फोडला. मी पाय मशीनवरून काढला आणि सवयीनं खिडकीकडे धावले. या वेळी कारण चांगलं होतं. वर ती बाई हे ऐकून कष्टी होते, तिला त्रास नको. कडीला हात घातला आणि वरून जावेचा आवाज आला, अगदी हळू, विनवणीचा.

“ऊठ ना रे राजा. एकदा तरी रड ना तिच्यासारखा.”

माझ्या छातीत चार महिन्यांत पहिल्यांदा गार वाटलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. मी पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बाजूला सारला, खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली, आणि मग टिटवीला उचलायला गेले, सावकाश.