पहिला शब्द घरचा

धायरीतल्या विजयमालाबाईंच्या पाळणाघरात एक नियम होता. मुलाचं पहिलं पाऊल पडलं, पहिला शब्द फुटला, तर आईबापांना सांगायचं नाही. "दिवसभर राबून येतात बिचारे. तेवढं सुख तरी त्यांना घरी मिळू दे," असं बाई म्हणत. मग चार दिवसांनी एखादी आई नाचतच यायची, "मावशी, काल चालला हो!" आणि मुलांना सांभाळणारी चंपामावशी गालावर हात ठेवून म्हणायची, "अगं बया! खरं का?" या नाटकात चंपाचा हात धरणारं कोणी नव्हतं.

नियम मायेचा होता, म्हणून कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही. मायेपोटी केलेल्या गाढवपणाला जाब विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही.

मैत्री नावाची एक पोर सव्वा वर्षाची असताना खिडकीतल्या कावळ्याकडे बघून "काऊ" म्हणाली. मग "दे" आलं. मग एका संध्याकाळी दाराची बेल वाजली, तशी "आई?" म्हणाली. दारात दुसऱ्याच मुलाची आई होती. चंपाला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिनं ते बाईंना सांगितलं, आणि दोघी नियमाप्रमाणे गप्प बसल्या. आज ना उद्या घरी म्हणेलच की.

घरी ती म्हणाली नाही. तिची आई ऋतुजा हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून येईपर्यंत पोर पेंगुळलेली असायची, आणि घर येईतो झोपून जायची. पुढे ते शब्द पाळणाघरातूनही गेले. आधी "दे" गेलं, मग "काऊ". हाक मारली तरी मैत्री बघेना, मोडक्या गाडीचं चाक फिरवत बसे. चंपाला वाटलं, दात येत असतील. मग वाटलं, दृष्ट लागली. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. बाई म्हणाल्या, "काही मुलं उशिरा बोलतात. माझा पुतण्या चौथ्या वर्षी बोलला, आता थांबत नाही." चंपाला भीती वाटत होती, पण बाईंपुढे ती बोलली नाही.

मैत्री अडीच वर्षांची झाली तेव्हा ऋतुजा रजा टाकून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि तिथून भर दुपारी थेट पाळणाघरात आली.

"डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या," ती म्हणाली. "आधी शब्द होते आणि गेले, की कधी आलेच नाहीत? मी म्हटलं, कधीच नाही. पण दिवसभर ती इथे असते. इथे काही बोलायची का?"

"छे हो," विजयमालाबाई म्हणाल्या. "बोलली असती तर आम्ही सांगितलं नसतं का?"

चंपा मुलांसाठी वरणभात कालवत होती. तिचा हात थांबला.

"बोलायची, ताई. लई न्हाई, पन बोलायची. सव्वा वरसाची व्हती तवा. मंग बंद झाली."

ऋतुजा तिथेच खाली बसली. "म्हणजे वर्ष होऊन गेलं. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"आमी सांगत न्हाई, ताई. तुमाला घरी ऐकाया मिळावं म्हनून."

ऋतुजा भांडली असती तर चंपाला बरं वाटलं असतं. तिनं नुसता डॉक्टरांना फोन लावला, हळू आवाजात सगळं सांगितलं, बराच वेळ ऐकून घेतलं.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"हे तेव्हाच कळायला हवं होतं, म्हणाल्या." मग ती चंपाकडे वळली. "काय काय म्हणायची?"

"काऊ. दे." चंपा अडखळली. "आन् आई."

ऋतुजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तिनं पुसलंही नाही.

"कसं म्हणायची?"

"ऱ्हाऊ द्या ना, ताई."

"म्हणून दाखवा."

चंपानं डोळे मिटले आणि मैत्रीच्या आवाजात, बारीक, शेवट जरा वर नेत म्हटलं, "आई?"

कोपऱ्यात बसलेल्या मैत्रीनं मान वळवली नाही. ऋतुजानं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो चंपाच्या तोंडापुढे धरला.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.