शेरा : गाव बदलले

दोघी जावा सकाळी एकाच ओट्यावर डबे भरत, एकाच बसने कचेरीत जात, आणि तिथे दारातच त्यांच्या वाटा फुटत. धाकटी वर काचेच्या खोलीत जाई, थोरली खाली दप्तरखान्यात. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळकरी मुलांची नोंद ठेवणाऱ्या विभागाची प्रमुख म्हणून धाकटीला नेमून आठ महिने झाले होते, आणि तेव्हापासून थोरलीला अन्न गोड लागत नव्हते. बावीस वर्षे पट तिने सांभाळला. आणि खुर्ची मिळाली कोणाला, तर जिला घरात चहा गाळायला तिनेच शिकवले तिला.

त्यातून धाकटीने नवाच नियम काढला. मूल दुसऱ्या गावी गेले असे कळले, तरी नाव लगेच कमी करायचे नाही. नव्या शाळेत फोन लावायचा, मुलालाच बोलवायचे, वर्गात शेजारी कोण बसते ते विचारायचे, मगच नाव काढायचे. झाले, एकशे दहा नावे लटकून राहिली. बहुतेक तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची. वरिष्ठांकडून धाकटीला विचारणा आली तेव्हा थोरलीला मनातून गुदगुल्या झाल्या.

"आमच्या वेळी एक नाव लटकत नव्हतं," ती शिपायाला ऐकवी.

ते खरेच होते. 'गाव बदलले' एवढा शेरा मारला की काम संपे. पोरगी कुठे गेली हे साऱ्यांना ठाऊक असे. पण पटावर नावच नसलेल्या मुलीचे लग्न लागले काय नि न लागले काय, चौकशी कोण करणार?

त्या दुपारी तिचा भाऊ दप्तरखान्यात आला. खुर्ची ओढून बसला आणि अर्ज पुढे सरकवला.

"ताई, पोरीचं जमलंय. स्थळ नाही म्हणण्यासारखं नव्हतं. तेवढं नाव काढून टाक."

"चौदाची आहे ती."

"आपल्या शेजाऱ्यांची तरी कितीची होती? तूच लिहिलं होतंस ना, गाव बदललं म्हणून?"

शेजाऱ्यांची ती मुलगी पहिल्याच बाळंतपणात गेली होती. पटावर मात्र ती अजून दुसऱ्या गावी शिकत होती.

"वेडी आहे आमची," भाऊ हसत म्हणाला. "म्हणते, आत्या माझं नाव काढू देणार नाही."

एका मिनिटाचे काम होते. भाऊ खूश झाला असता, आणि पुढेमागे ती खोटी नोंद सापडून धाकटीची खुर्चीही हलली असती. हा विचार थोरलीला गोड वाटला, ते लपवण्यात अर्थ नाही. नकार दिला तर धाकटीच बरोबर ठरत होती, आणि ते तिला भावाच्या रागापेक्षा जड जात होते.

"नव्या शाळेचा नंबर दे," ती शेवटी म्हणाली.

"कुठली शाळा?"

"जिथे ती जाणार आहे ती. शेजारी कोण बसतं ते तिने मला फोनवर सांगू दे. मग काढते."

"सख्ख्या भावाला नियम दाखवतेस?"

"लग्न लावलंस तर तक्रारीवर सहीही माझीच असेल. सोमवारी पोरगी वर्गात दिसली पाहिजे."

भाऊ अर्ज तिथेच टाकून निघून गेला. तिने जुन्या वह्या खाली काढल्या आणि 'गाव बदलले' शेरा मारलेल्या मुलींची संध्याकाळपर्यंत यादी करून, वह्यांसकट वर धाकटीकडे गेली. धाकटीने वह्या चाळल्या, पण चेहऱ्यावर नवल दिसले नाही.

"अक्षर माझं आहे," थोरली म्हणाली.

"मी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं, जाऊबाई."

"मग बोलली का नाहीस?"

"घरी एकाच ओट्यावर उभं राहायचं असतं."

तिच्या या समजूतदारपणाचाही थोरलीला राग आला. ती खुर्ची अजूनही तिच्या डोळ्यांत सलत होती.

"सरक जरा," ती म्हणाली. "या घरांना मी ओळखते. फोन मी लावते."

यादीतला पहिलाच नंबर लागला. मुलीलाच बोलवा, असे तिने बजावून सांगितले. फोनवर कोणीतरी आले.

"बाळ, शाळेत तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

पलीकडे फोनजवळच एक तान्हे मूल रडायला लागले.