अमेरिकेला फुटबॉल का आवडत नाही, याची सात कारणं

अमेरिकन माणसाला फुटबॉल का आवडत नाही, या विषयावर दुबईत माझ्याइतका अभ्यास कुणी केला नसेल. तीन आठवडे रोज लंच टाइममध्ये एका हाताने डबा खात आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर व्हिडिओ पुढे सरकवत मी हा अभ्यास केला. अमेरिकेशी माझं काही देणंघेणं नाही. व्हिसा एकदा मागितला होता, तो त्यांनी दिला नाही, विषय खलास. फुटबॉलशी तर त्याहून नाही. माझं भांडण होतं माझ्या तेरा वर्षांच्या मुलीशी, आणि तिच्याशी सरळ भांडायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून मी मध्ये अमेरिका आणली.

ईशानीला मी सहाव्या वर्षी क्रिकेटच्या कोचिंगला घातलं होतं. मी स्वतः क्रिकेटर आहे. म्हणजे, शनिवारी सकाळी शारजाच्या एका रिकाम्या प्लॉटवर आम्हा ऑफिसवाल्यांची लीग चालते, तिथे मी अंपायर आहे. पूर्वी बॅटिंग करायचो. एका सीझनला अकरा रन झाले, अख्ख्या सीझनचे मिळून, तेव्हा टीमने मला बाजूला घेऊन सांगितलं की विजयभाई, आप अंपायरिंग बहुत अच्छी करते हो. तोपर्यंत मी एकदाही अंपायरिंग केलं नव्हतं. असो. तर ज्या घरात असा खेळाडू बाप आहे त्या घरातल्या पोरीने गेल्या वर्षी पॅड काढून ठेवले ते ठेवलेच. तिच्या ऊद मेथा भागातल्या शाळेत मुलींची फुटबॉल टीम निघाली होती आणि ही तिथे गोलकीपर झाली. चार दिवसांचं खूळ आहे, म्हटलं. ते खूळ आठ महिने टिकलं.

जानेवारीत ती एक चौघडी घातलेला कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पुढच्या महिन्यात फुजैराला, दुबईहून गाडीने दीड तासावर, शाळांची स्पर्धा होती, टीम बसने जाणार होती. "बाबा, फॉर्म. साइन प्लीज," एवढंच म्हणाली. आता इथली रीत तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. या देशात कशालाही एनओसी लागते, माझी हरकत नाही असं कुणीतरी कागदावर लिहून द्यावं लागतं. बायकोच्या आणि मुलीच्या व्हिसावर स्पॉन्सर म्हणून माझं नाव आहे. पंधरा वर्षं अशा सह्या ठोकून माणसाच्या डोक्यात हवा जाते. घरात आलेला प्रत्येक कागद आपल्या परवानगीसाठीच आलाय असं त्याला वाटायला लागतं. मी तो कागद उघडलासुद्धा नाही. बघू, म्हटलं, आणि फ्रिजवर मॅग्नेटखाली अडकवून दिला. बघू म्हणजे नाही, हे कुठल्याही मराठी पोराला बोलायला लागायच्या आधीपासून कळतं.

त्यानंतर ती रोज विचारायची, बाबा, फॉर्म? आणि मी रोज नवीन पिल्लू सोडायचो. फुटबॉलला फ्यूचर नाही. गोलकीपरचे दात पडतात. फुजैराला दिवसभर उन्हात कोण उभं राहणार. सरळ नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती, कारण नाही म्हटलं की ती रडणार, आणि ती रडली की मी हो म्हणणार, हे मला ठाऊक होतं. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "बाबा, द होल वर्ल्ड प्लेज इट."

"सगळं जग? अमेरिकेला विचार जाऊन," मी म्हटलं.

सहज तोंडातून निघून गेलं हो. पण आमच्या घरात अमेरिका म्हणजे हायकोर्ट. माझे दोन चुलतभाऊ न्यू जर्सीला आहेत. शाळा, दात, लग्न, वॉशिंग मशीन, कशावरही वाद पेटला की तिकडे कसं असतं ते मी सांगतो आणि वाद मिटतो. ईशानी तिच्या खोलीत निघून गेली. तिथेच थांबायला हवं होतं, पण मला चेव चढला. मी अभ्यासाला लागलो आणि एका शुक्रवारी, हाफ डे असतो तेव्हा, दुपारी टीव्हीवर चक्क प्रेझेंटेशन लावलं. आठ स्लाइड, सात कारणं, आठव्या स्लाइडवर थँक यू.

विभावरी, म्हणजे माझी बायको, डायनिंग टेबलावर फरसबी चिरत होती. मी सुरू केलं. एक, नव्वद मिनिटं धावायचं आणि गोल एक, कधी तोही नाही. दोन, मॅच ड्रॉ होते, अमेरिकन माणसाला निकाल हवा असतो. विभावरीने मान वर न करता विचारलं की तुझी ती टेस्ट मॅच पाच दिवस चालून ड्रॉ होते ते काय असतं मग. ते वेगळं, मी म्हटलं आणि स्लाइड बदलली. तीन, मध्ये जाहिराती घालायला जागा नाही, त्यामुळे टीव्हीवाले नाराज. चार, त्यांचे स्वतःचे खेळ वर्षभर चालू असतात, त्यांचं कॅलेंडर फुल आहे. पाच, उंच पोरं बास्केटबॉलला जातात, आडवी पोरं त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलला. सहा, त्यांना आकडे लागतात आणि इथे आकडे नाहीत. सात, देवाने हात दिलेत आणि ते वापरायचे नाहीत, हे त्या माणसाला पटत नाही.

"मी गोलकीपर आहे, बाबा," ईशानी इंग्लिशमध्ये म्हणाली. "मी हातच वापरते."

मग तिने सांगितलं की अमेरिकेच्या बायका चार वेळा वर्ल्ड कप जिंकल्यात. हे मला एकाही व्हिडिओत दिसलं नव्हतं, कारण जे मला हवं होतं तेवढंच मी शोधलं होतं. पण माघार घ्यायची सवय नाही. बायकांचं कोण मोजतं, असं मी बोलून गेलो. समोर दोन बायका होत्या आणि त्यातल्या एकीच्या हातात सुरी होती. विभावरीची सुरी थांबली. त्या दिवशी फरसबीची भाजी माझ्या पानात जरा कमीच पडली.

आता साक्षीदार आणणं भाग होतं. दुबई मरीनाला आमचं शिपिंगचं ऑफिस आहे, तिथे माझी बॉस बेव्हर्ली. ओहायोची, पन्नाशीची, अस्सल अमेरिकन. तिला मी पुढच्या शनिवारी जेवायला बोलावलं. शनिवारच्या लीगला रजा टाकली, तर तिथे कुणाला फारसं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. बेव्हर्लीला मी काही शिकवून ठेवलं नव्हतं. गरजच काय होती? ती फक्त खरं बोलली की माझं काम झालं.

मटकीची उसळ, कोथिंबीर वडी, मसालेभात. बाई मनापासून जेवत होती. मी हळूच विषय काढला की तुमच्याकडे सॉकर काही कुणी बघत नाही म्हणे. ती हसली आणि म्हणाली, खरं आहे, आमच्या घरात तर कुणीच नाही. मी ईशानीकडे बघितलं. अगदी विजयी मुद्रेने बघितलं, आज ते आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. ईशानी ताटात बघत होती. तिचा चेहरा एवढासा झाला होता. इथे गप्प बसलो असतो तर जिंकलो असतो. पण मी तीन आठवडे अभ्यास केलेला माणूस. मी विचारलं, का बरं आवडत नसेल, आणि माझी सातही कारणं तिला धडाधड ऐकवली.

बेव्हर्लीने वडीचा तुकडा खाली ठेवला. ती जे बोलली ते मी मराठीत सांगतो.

"ही कारणं लोक नंतर शोधतात," ती म्हणाली. "मला बेसबॉल आवडतो, कारण रविवारी माझे वडील सोफ्यावर बेसबॉल लावायचे आणि मी शेजारी बसायचे. स्कोअर कसा लिहायचा ते त्यांनीच शिकवलं. सॉकर आम्ही सगळीच मुलं खेळायचो. मी सहा वर्षं खेळले. वडील प्रत्येक मॅचला मला गाडीने सोडायचे आणि मॅच संपेपर्यंत गाडीत पेपर वाचायचे. त्यांना नियम माहीत नव्हते, आणि ते मला विचारावेत हे त्यांना कधी सुचलं नाही. बाराव्या वर्षी मी सोडलं. सोड असं कुणी म्हटलं नाही हं. सोफ्यावर त्यांच्या शेजारी बरं वाटायचं, इतकंच."

एवढं बोलून तिने आणखी थोडी उसळ मागितली.

तिचे वडील निदान गाडीने सोडायला तरी जायचे. ईशानीला प्रॅक्टिसला कोण नेतं हे मला नेमकं माहीत नव्हतं. एमिली म्हणून तिची मैत्रीण आहे, तिचे वडील एडविन नेत असावेत, असा माझा एक अंदाज होता. आठ महिन्यांत अंदाजाच्या पुढे मी गेलो नव्हतो. आणि मला भरून आलं की मी नाटकी होतो, हा माझा जुना दोष. मी उठलो, फ्रिजवरचा तो कागद काढला, खिशातलं पेन उघडलं आणि बॉसच्या समोर, पाहुणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "जा ईशानी. खेळ फुजैराला. माझी काही हरकत नाही."

ईशानीने आईकडे बघितलं.

"कशाची हरकत?" विभावरी म्हणाली. "एनओसी मी जानेवारीतच सही करून पाठवली. ती जाणारच आहे."

मग हा कागद कसला? मी तो उघडला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. जहाजाच्या कागदांतली एका अक्षराची चूक पकडण्यासाठी मला पगार मिळतो, आणि घरातल्या फ्रिजवरचा एक पानी फॉर्म मी वाचला नव्हता. टीमबरोबर एका पालकाला नेणार होते, बसमधून, मैदानात मुलींच्या शेजारी बसायला. त्याचा फॉर्म होता तो. सही सोडून सगळं ईशानीने भरलेलं होतं, तिच्या गोल गोल अक्षरात. पालकाचं नाव, विजयकुमार. मोबाइल नंबर. टी-शर्टचा साइज लार्ज, जो मला दहा वर्षांपूर्वी यायचा. शेवटचा प्रश्न होता, पालकांना फुटबॉलचे नियम माहीत आहेत का. तिने "नाही" वर खूण केली होती आणि पुढे कंसात लिहिलं होतं, मी शिकवीन.

शेवटची तारीख परवाच्या गुरुवारीच उलटून गेली होती.

"आता कोण जातंय?" मी विचारलं.

"एमिलीचे डॅडी," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून इंग्लिशमध्येच पुढे म्हणाली, "इट्स ओके, बाबा. तुला बोअर झालं असतं."

ती चिडली नव्हती हो. चिडली असती तर मी वाद घातला असता, वाद मला येतो. ती माझी समजूत काढत होती. बॉस समोर बसलेली, माझ्या हातात पेन आणि डोळ्यांतून पाणी. बेव्हर्लीने शहाण्यासारखं विभावरीला वडीची कृती विचारायला घेतली.

पुढच्या शनिवारी मी माझी गाडी काढली आणि फुजैराला गेलो. बॅज नसलेल्या पालकांना जाळीच्या बाहेर उभं करत होते. आत एडविन टीमचा टी-शर्ट घालून पोरींना पाण्याच्या बाटल्या वाटत होता. वसईचा माणूस, मनाने मोठा. मला बघून जाळीपाशी आला आणि म्हणाला, थांबा, मी सरांना विचारतो, तुम्ही या आत. मी नको म्हटलं. माझी जागा बाहेरच होती, ती मी कमावली होती.

पहिल्या हाफमध्ये आमच्या पोरींनी दोन गोल खाल्ले. दोन्ही वेळा ईशानी उताणी पडली, उठली, हातमोजे झटकले आणि पुढे काहीतरी ओरडली. इतकी मोठ्याने ओरडते हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा बॉल आत गेला तेव्हा मी मान खाली घातली, तर शिट्टी वाजली, मैदानाच्या रेषेवरच्या माणसाने झेंडा वर केला आणि गोल रद्द. मी इतक्या वर्षांचा अंपायर, पण का रद्द झाला ते काही समजेना. आजूबाजूच्या कुणाला विचारायची लाज वाटली.

हाफ टाइमला ती पाणी पीत जाळीपाशी आली. गुडघा सोललेला, केस कपाळाला चिकटलेले. तू कशाला आलास, असं काही ती म्हणाली नाही. मी विचारलं, तो तिसरा गोल का नाही दिला? तिने जाळीतून बोटं बाहेर काढली आणि एका बोटाने मी इथे, दुसऱ्याने ती इथे, पास सुटला तेव्हा ती पुढे होती, असं भराभरा सांगितलं. मी मान डोलावली, मीटिंगमध्ये डोलावतो तशी. तिचं समाधान झालं आणि ती जायला वळली.

"ईशानी," मी म्हटलं, "मला काही कळलं नाही. परत सांग."

हे वाक्य माझ्या तोंडून तिने तेरा वर्षांत ऐकलं नव्हतं. ती थांबली. सर हाका मारत होते, मैदानात पोरी जागेवर उभ्या राहायला लागल्या होत्या. तिने एकदा सरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मराठीत म्हणाली, "आत्ता नाही. मी सरांना विचारून घरी तुझ्या गाडीतून येते. तुला समजवायला पूर्ण रस्ता लागेल."