झुंबरशेठच्या दारातली बंदूक

खरं सांगायचं तर पतसंस्थेत नोकरी बंदुकीला लागली होती. सहादू हा तिच्याबरोबर आलेला माणूस. जाहिरातच तशी होती : ‘स्वतःची परवानाधारक बंदूक असलेला माजी सैनिक पाहिजे.’ त्यातला माजी सैनिक कसाही चालला असता. सहादूनं फौजेत सगळी हयात डाळ शिजवण्यात घालवली होती. उपाशी फौज लढते का, असा त्याचा सवाल असे, आणि त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.

बंदूक मात्र अस्सल. लष्करानं बाद केलेली जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल, नळी बदलून परवान्यात बसवलेली. ती सहादूच्या सासऱ्याची. त्यांच्या मागं परवान्यासकट जावयाच्या नावावर झाली. नाशकात द्वारकेच्या चौकाजवळ, टायरच्या दुकानाच्या माडीवर पतसंस्था होती. तिच्या दारात सहादू स्टुलावर बसायचा आणि दोन गुडघ्यांमध्ये बंदूक उभी असायची. ठेवीदार जिना चढून आले की आधी बंदुकीकडे बघत, मग व्याजाच्या दराकडे, आणि निर्धास्त होत. ती गोळी झाडते का, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. देवळातल्या मारुतीला कुणी गदा फिरवून दाखवायला सांगत नाही.

पण सत्त्याण्णव सालच्या थंडीत पलीकडच्या तालुक्यातली एक पतसंस्था भरदुपारी लुटली गेली आणि विम्याच्या साहेबाला तो प्रश्न पडला. चेअरमन झुंबरशेठ यांनी सहादूला केबिनमध्ये बोलावलं.

“सहादू, सोमवारी निफाडला आपल्या मळ्यात यायचं. साहेबासमोर एक बार काढून दाखवायचा.”

“काढू की शेठ.”

“नाही निघाला, तर एजन्सीची पोरं लाइनीत उभी आहेत. डबल नळीवाली.”

घरी येऊन सहादूनं दार लावलं, बंदूक रिकामी आहे हे बघितलं, बोल्ट मागे-पुढे केला आणि चाप ओढला. काही नाही. टिक नाही की टुक नाही. बायको अबोला धरते तेव्हासुद्धा निदान भांडी आपटते. सहादूनं पुन्हा ओढला, मग पुन्हा. मग तो मटकन खाटेवर बसला.

त्याचे गुडघे आता स्टुलावर बसण्यापुरतेच उरले होते. बंदुकीविना तो म्हणजे निव्वळ म्हातारा, आणि तसले म्हातारे नाशकात प्रत्येक पारावर फुकट मिळत होते. बायकोनं, नवसाबाईनं, भाकरी वाढली ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळलेली बंदूक घेऊन तो गोटीराम मिस्त्रीकडे गेला. गोटीराम म्हणजे देवळालीच्या कॅम्पातून रिटायर झालेला हत्यारांचा कारागीर. दुरुस्तीचं रीतसर लायसन असलेला, आणि त्याहून रीतसर तिरसट. नवसाबाईही बरोबर निघाली. बंदूक तिच्या माहेरची होती.

मिस्त्रीनं आधी परवाना पाहिला, मग बोल्ट काढून उजेडात धरला आणि नाकाशी नेला.

“फौजी, यात काय घातलंय?”

“काही नाही. मी तर फडक्यानं पुसतो.”

“मग वास कसला येतोय? शेंगदाण्याच्या तेलाचा?”

सहादूनं बायकोकडे पाहिलं. नवसाबाईनं पदर सावरला.

“खंडेनवमीला घालते मी. दर साली. बाबाच्या टायमापासून.”

मिस्त्रीनं भोकात तार घालून फिरवली. आतून पिवळट, चिकट लपका आला. त्यात हळद, कुंकू आणि कधीकाळचे तांदळाचे दाणे. तेल वाळून डिंकासारखं झालं होतं आणि त्यात काडतुसाला ठोका देणारी फायरिंग पिन मुंगळ्यासारखी अडकून बसली होती.

“अक्षता आत टाकल्या?” मिस्त्रीचा आवाज चिरकला.

“मग? वरून हळदी-कुंकू लावायचं न् आत तिला उपाशी ठेवायची?”

“बाई, ही बंदूक हाय! ओटी भरायची असती का हिची?”

“लेकरागत सांभाळली म्हणून इतकी टिकली,” नवसाबाई म्हणाली. पण सहादूचा चेहरा पाहून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

तेल रॉकेलनं सुटलं. पिन बाहेर आली तेव्हा कळलं, की खाली गंज होता आणि पिनेचं टोक त्यानं खाऊन टाकलं होतं. स्प्रिंगही मेली होती.

“ही जात बंद झाली. बाजारात पिन मिळणार नाय,” मिस्त्री म्हणाला.

“सोमवारी बार काढायचाय, मिस्त्री.”

“तोंडानं काढ.”

सहादू उठला नाही. मिस्त्री जेवून आला, तरी तो तिथंच होता. मिस्त्री दुपारचा झोपला, उठला, तरी तिथंच. अखेर सहादूनं बसल्या जागी हात जोडले. त्याची हनुवटी तेवढी हलत होती.

“असं नको करू राव,” मिस्त्री वैतागून म्हणाला. “रडणारं गिऱ्हाईक मला चालत नाय.”

मग त्यानं फळीवरचा डबा उतरवला. त्यात मोडीत काढलेल्या हत्यारांचे सुटे भाग होते. त्यातल्या एका पिनेला तो रविवारभर कानसत, मापत, शिव्या देत बसला. स्प्रिंग दुसऱ्या बंदुकीची बसवली. उन्हं उतरता उतरता त्यानं चाप ओढला. टिक! सहादूला तो आवाज इतका गोड लागला, की त्यानं तो पुन्हा करायला लावला.

सोमवारी निफाडच्या मळ्यात हुरड्याला जमावी तशी मंडळी जमली. झुंबरशेठ, विम्याचा साहेब, पतसंस्थेचे कारकून, शिवाय कुणीही न बोलावलेले चार-दोन पाहुणे. द्राक्षबागेच्या कडेला मातीच्या बांधाकडे तोंड करून सहादू उभा राहिला. भरताना काडतूस एकदा खाली पडलं. कारकून हसले. सहादूनं डोळे मिटले आणि चाप ओढला.

असा आवाज त्या मळ्यात कधी झाला नव्हता. बागेतले सगळे बुलबुल एकदम उडाले. दस्त्याचा खांद्याला तडाखा बसून सहादू मागच्या मागे बसला. बांधाला खड्डा पडला होता. साहेबानं कागदावर ‘चालू स्थितीत’ असं लिहिलं, द्राक्षांची पेटी गाडीत ठेवून घेतली आणि तो निघून गेला.

सहादू मातीत बसल्या बसल्या हसत होता. नोकरी वाचली होती. तेवढ्यात झुंबरशेठ जवळ आले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“ही चालते?”

“चालते की शेठ!”

“म्हणजे इतकी वर्षं ही माझ्या केबिनच्या दाराशी... अरे, तू दुपारी डुलक्या खातोस तिथं!”

“आता नाय खाणार, शेठ.”

“उद्या एखादा ठेवीदार रागावला, तुझ्या हातातून ओढून घेतली तर? मला बीपी आहे, सहादू.” शेठनी आवाज खाली आणला. “साहेबाचं काम झालं. आता ही होती तशी करून आण. नाहीतर तू येऊ नको. एजन्सीवाल्यांना मी आधीच विचारतो, की तुमच्या नक्की बंद आहेत ना?”

संध्याकाळी सहादू पुन्हा गोटीरामच्या दारात.

“मिस्त्री, बिघडवून द्या.”

मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं. रविवारभर कानसून काळी पडलेली आपली बोटं पाहिली.

“भाइर हो.”

“मिस्त्री, पाया पडतो.”

“रविवार घातला मी तिच्यात! आता माझ्या हातानं मारू तिला? नाय जमायचं. तूच काढ पिन. कशी निघती ते बघितलंय तू.”

सहादूनं स्वतः काढली. मिस्त्री तेवढा वेळ पाठ करून उभा राहिला. निघताना सहादूनं पिन त्याच्यापुढं धरली, पण मिस्त्रीनं घेतली नाही.

मंगळवारी सहादू स्टुलावर होता. बंदूक दोन गुडघ्यांमध्ये, पिन पँटीच्या चोरखिशात. आधीही बंदूक बंदच होती, पण तेव्हा ते त्याला माहीत नव्हतं आणि त्याला गाढ झोप लागायची. आता खाली चौकात मोटरसायकल थांबली, की तो जिन्यात डोकावून बघे.

दुपारी तोंडाला रुमाल बांधलेले दोघं जिना चढून आले. एकाच्या हातात पिशवी. सहादू ताडकन उठला. बंदूक खांद्याला लावायची सवय हाताला होती, पण हात वर येईना. दोघं त्याच्यासमोर थांबले.

“या,” सहादू म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही. “बसा ना. पाणी घेता?”

त्यांनी रुमाल सोडले. ते सिडकोतले दोघे भाऊ, मुदत ठेव काढायला आलेले. उन्हातून आले होते, पाणी त्यांनी घेतलं. सहादूनं ग्लास भरला तेव्हा अर्धं पाणी त्याच्याच बुटावर सांडलं.

केबिनच्या दारातून झुंबरशेठ हे बघत होते. कारकुनाकडे वळून ते समाधानानं म्हणाले, “बघ, पाहुण्यांशी किती अदबीनं वागायला लागला.”

जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. सहादूनं दुसरा ग्लास भरायला घेतला.