अभ्यासिकेतला चिकट संगणक

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते.

यवतमाळच्या एका कॉलेजने टाकून दिलेला मी आर्णीजवळच्या तांड्यावरच्या अभ्यासिकेत आलो. आणखी चार संगणक माझ्याशी वायरने जोडले. सगळ्यांच्या फायली माझ्याच पोटात. पहिल्या वर्षी मला हार घातला. मग हार वाळला, त्याला मुंग्या लागल्या, तरी कोणी काढला नाही.

देखरेख खेमसिंगभाऊंकडे होती. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेल्या बोटांनीच ते बटणं दाबत. मला चालवणारी सिस्टिम त्यांनी पैसे न भरता, चोरीची टाकली होती. लग्नाच्या गाण्यांचा एकच पेनड्राइव्ह सगळ्या तांड्यात फिरून व्हायरस घेऊन यायचा आणि आम्हा पाचही जणांत घुसायचा. आम्ही आजारी पडलो की भाऊ पुन्हा तीच चोरीची सीडी लावत. जखमेवर तेच घाणेरडं फडकं!

एके दिवशी अभ्यासाला येणारी पुष्पा धडा वाचत असताना पडद्यावर आपोआप घाणेरडी चित्रं उघडली. ती पोर खुर्ची सोडून पळाली. मला तर माझीच शिसारी आली. तिच्या आईने, रुपीबाईंनी, तिचं येणं बंद केलं. आठवड्यात एकही मुलगी उरली नाही.

तेव्हा तांड्यावरच्याच उज्ज्वलाताईंनी मला हाती घेतलं. त्यांची अर्पिता चार वर्षांची. उद्या तीही इथेच बसणार, या धास्तीने त्यांना चैन नव्हतं. मैत्रिणीला विचारून त्यांनी तीन मोफत सिस्टिम आणल्या, दोन लिनक्स घराण्यातल्या, एक बीएसडी घराण्यातली. माझ्यातलं काही न पुसता, नव्या पेनड्राइव्हवरूनच एकेक चालवून पाहिली. बीएसडी कणखर, पण तिच्यावर आमचा प्रिंटर चालवणं ताईंना जमेना. दुसरी देखणी, पण मला धाप लागली. तिसरी, डेबियन, दिसायला साधी. पण मी दमलो नाही आणि मराठी अक्षरं नीट उमटली.

खेमसिंगभाऊ हसले. "फुकटचं कायले धड चालते, वहिनी?"

"तुमचं बी फुकटचंच होतं ना, भाऊ? ते चोरलेलं. हे देणाऱ्यानं राजीखुशीनं देल्लं हाय."

ताईंनी पाचही जणांना धुऊन काढलं आणि डेबियन घातली. प्रत्येक मुलीला वेगळा पासवर्ड दिला, मुख्य किल्ली स्वतःकडे ठेवली. मग रुपीबाईंना बोलावून त्यांच्यासमोरच लग्नाच्या गाण्यांचा तोच पेनड्राइव्ह माझ्यात खुपसला.

काही उघडलं नाही. जुन्या सिस्टिमवरच जगणारी ती घाण मेलेल्या झुरळासारखी उताणी पडून राहिली.

रुपीबाईंनी बाहेर उभ्या पुष्पाला हाक मारली. ती खुर्चीत बसणार, तोच म्हणाल्या, "पयले हात धू."

इतक्या वर्षांत माझ्यासाठी असं कोणी म्हटलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्या पोटात काही घालण्याआधी ते कुठून आलं एवढं विचारत जा. आणि हो, माझ्या एका बटणाखाली खर्ऱ्याची सुपारी अजून अडकलेली आहे. कुणीतरी काढा.